सुरुवात सरकारच्या बँक खात्यापासून करा

एका छोट्या देशाच्या अर्थ मंत्रालयात सल्लागार म्हणून निघालेल्या एका तरुण अर्थतज्ज्ञाचा प्रश्न आहे. तिथे पोचण्याआधीच त्यांच्यासमोर अहवालांचा ढीग आला आहे. एक अहवाल म्हणतो, आधी मध्यवर्ती बँकेचा कायदा बदला. दुसरा म्हणतो, सरकारी हिशेबाची संगणकप्रणाली आणा. तिसरा करखात्याच्या पुनर्रचनेवर अडून बसला आहे. हे सगळे पेलू शकतील असे अधिकारी तिथे मोजकेच. अशा वेळी आधी हात कशाला घालावा, आणि बाहेरच्या तज्ज्ञांच्या कामातले शेवटी मागे काय उरते, असे त्यांनी विचारले आहे.

मी या कामात बरीच वर्षे आहे आणि माझे उत्तर ठाम आहे: सुरुवात सरकारच्या बँक खात्यापासून करा.

सरकारचे मुख्य खाते मध्यवर्ती बँकेत असते. कर तिथे जमा होतो, पगार तिथून निघतात, परदेशी कर्जाचा हप्ता तिथूनच फिटतो. अर्थ मंत्रालय आणि मध्यवर्ती बँक या दोन संस्थांची रोजची गाठ पडते ती या खात्यावर. मदतीला येणारी पथके मात्र वेगवेगळ्या दारांनी आत येतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचेच पाहा. त्याचा राजकोषीय व्यवहार विभाग अर्थ मंत्रालयात जातो; चलन आणि भांडवली बाजार विभाग मध्यवर्ती बँकेत बसतो. दोघांचेही अहवाल आपापल्या जागी उत्तम असतात. दुखणे बहुतेक वेळा दोघांच्या मध्ये असते आणि ती जागा कुणाच्याच कार्यकक्षेत लिहिलेली नसते. तुम्ही मंत्रालयात बसणार आहात, पण आठवड्यातला एक दिवस मध्यवर्ती बँकेत घालवायची परवानगी पहिल्याच भेटीत मागून घ्या.

तिथे गेल्यावर साधी मागणी करा: सरकारच्या सगळ्या बँक खात्यांची यादी. बहुतेक ठिकाणी ती कुणाकडेच नसते. मध्यवर्ती बँक स्वतःकडच्या खात्यांची यादी देते. व्यापारी बँकांत खात्याखात्यांनी, महामंडळांनी, रुग्णालयांनी, शाळांनी उघडलेली खाती वेगळीच. प्रत्येक परदेशी प्रकल्पाचे खाते आणखी निराळे, कारण मदत देणाऱ्याने तशी अट घातलेली असते. ही यादी जमवायला महिने लागतात, पण कोणत्याही अहवालापेक्षा ती तुम्हाला जास्त शिकवून जाते. एका बाजूला सरकारचे पैसे व्यापारी बँकांत नाममात्र व्याजावर पडून असतात. दुसऱ्या बाजूला तेच सरकार पगारासाठी पैसे कमी पडले म्हणून त्याच बँकांना चढ्या दराने ट्रेझरी बिले, म्हणजे अल्पमुदतीचे कर्जरोखे, विकत असते. म्हणजे सरकार स्वतःचेच पैसे व्याज देऊन उसने घेते.

यावरचा उपाय म्हणजे एकल कोषागार खाते. सगळी जमा एका खात्यात यावी आणि बाकीच्या खात्यांतली शिल्लक रोज संध्याकाळी शून्यावर आणून मुख्य खात्यात वळती व्हावी, एवढीच ती कल्पना. कागदावर सोपी वाटते. पण स्वस्त ठेवी हातून जाणार म्हणून व्यापारी बँका विरोध करतात आणि त्यांचा शब्द मंत्र्यांपर्यंत पोचतो. शिवाय एखादी दुबळी बँक याच सरकारी ठेवींवर तग धरून असते. तिथले पैसे एका दिवसात उचलले तर ती बसते, आणि तुमच्या सुधारणेतूनच बँकिंग संकट उभे राहते. म्हणून खाती बंद करण्याचे वेळापत्रक मध्यवर्ती बँकेच्या पर्यवेक्षण विभागाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोणत्या बँकेत सरकारी ठेवींचा वाटा किती, हा आकडा त्यांच्याकडे असतो. तो मंत्रालयाने कधी मागितलेलाच नसतो.

यापुढची पायरी म्हणजे रोख रकमेचा अंदाज. या कामाकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. माझ्या मते दोन्ही संस्थांना एकाच वेळी बळ देणारे याच्याइतके दुसरे काम नाही. एक साधा तक्ता करायचा. आडव्या ओळीत येत्या तीन महिन्यांचे दिवस. खाली सीमाशुल्क, मूल्यवर्धित कर, कंपन्यांचा आगाऊ कर, पगार, निवृत्तिवेतन, व्याज, कंत्राटदारांची देणी, परदेशी कर्जाचे हप्ते. दर आठवड्याला कोषागार, सीमाशुल्क, करखाते, कर्ज कार्यालय आणि मध्यवर्ती बँकेचा बाजार विभाग यांच्यापैकी प्रत्येकी एक माणूस एका टेबलाशी बसतो. सीमाशुल्काचा अधिकारी सांगतो की इंधनाचे जहाज अडकले आहे, शुल्क शुक्रवारी नाही, सोमवारी येईल. कोषागाराचा माणूस शुक्रवारच्या चौकटीतला आकडा पुसून सोमवारच्या चौकटीत लिहितो. मध्यवर्ती बँकेची अधिकारी तो बदल टिपून घेते, कारण शुक्रवारी ती रक्कम बँकांकडून सरकारी खात्यात गेली नाही तर बँकांच्या हाती रोकड जास्त राहणार आणि बँकांशी रोकडीची देवघेव करण्यासाठी ती जो लिलाव करते त्याची त्या दिवशीची रक्कम तिला बदलावी लागणार.

हा एक बदल नीट समजून घ्या. सरकार कर गोळा करते तेव्हा बँकांमधली रोकड आटते. पगार वाटते तेव्हा ती फुगते. सरकारी खात्यात उद्या काय होणार हे ज्या मध्यवर्ती बँकेला ठाऊक नाही, तिला व्याजदर जागेवर ठेवता येत नाही. मग तिच्याकडे महागाईचे कितीही चांगले प्रारूप असो. महागाई-लक्ष्य, धोरण दर, व्याजदर पट्टा यांवर परदेशी तज्ज्ञांची व्याख्याने होतात, गव्हर्नर ती मन लावून ऐकतात. आणि तिकडे रोजच्या रोकडीचा अंदाज चुकतो, कारण कोषागारातून फोन आलेला नसतो.

तक्त्यातला अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतला फरक दर आठवड्याला लिहून ठेवायला लावा. पहिल्या काही महिन्यांत तो पाहून लाज वाटेल असा असतो. अधिकारी तो लपवतात. लपवू देऊ नका आणि त्याबद्दल कुणाला बोलही लावू नका. फरक का पडला याची चर्चा सुरू झाली की कामाची गोडी लागते. करखात्याचा एखादा कनिष्ठ अधिकारी आपला अंदाज गेल्या महिन्यापेक्षा जवळ आला म्हणून खूश होतो, तो दिवस मला कायदा मंजूर होण्याच्या दिवसापेक्षा मोठा वाटतो.

आता कायद्याकडे येऊ, कारण तुमच्या अहवालांत पहिली मागणी तीच आहे. मध्यवर्ती बँकेने सरकारला नोटा छापून कर्ज देऊ नये, हे तत्त्व बरोबरच आहे. पण नळ बंद करण्याआधी दुसरी सोय लागते. भारताचे उदाहरण तिथल्या लोकांना जरूर सांगा. 1950 च्या दशकापासून केंद्र सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की तदर्थ (गरजेपुरती, खास रिझर्व्ह बँकेसाठी काढलेली) ट्रेझरी बिले आपोआप तयार होत आणि तूट भरून निघे. तात्पुरती म्हणून सुरू झालेली ही सोय चार दशके चालली. ती मोडताना घाई केली नाही. 1993 मध्ये 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलांचे लिलाव सुरू झाले, म्हणजे सरकारला बाजारातून अल्पमुदतीचे पैसे उचलायची वाट आधी तयार झाली. 1994 मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार होऊन तदर्थ बिलांना मर्यादा घातल्या गेल्या. एप्रिल 1997 पासून ती पद्धत बंद झाली आणि तिच्या जागी ठरलेल्या मर्यादेतली, मुदतीत फेडायची अर्थोपाय अग्रिमे (रिझर्व्ह बँकेकडून तात्पुरती उचल) आली. रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून विकत घेण्यावर कायद्याने बंदी आली ती त्यानंतर, 2006 पासून. क्रम पाहा: बाजार, मग करार, मग कायदा. पुष्कळ देशांना बाहेरून मिळणारा सल्ला नेमका याच्या उलट क्रमाने येतो.

अर्थात उलट क्रमही कधी कधी नाइलाजाने येतो. श्रीलंकेत 2019 च्या अखेरीस मूल्यवर्धित कर 15 वरून 8 टक्क्यांवर आणला गेला, महसूल कोसळला आणि मध्यवर्ती बँकेने सरकारची ट्रेझरी बिले मोठ्या प्रमाणावर विकत घेतली. एप्रिल 2022 मध्ये देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महागाई सुमारे 70 टक्क्यांवर गेली. सरकारला असे कर्ज द्यायला मनाई करणारा मध्यवर्ती बँकेचा नवा कायदा 2023 मध्ये आला. त्याचा मसुदा संकटाच्या आधीच, 2019 मध्ये तयार होता; तेव्हा तो पुढे सरकला नाही. तुमच्यासाठी यात एक व्यवहारी सूचना आहे. मसुदा करताना तो उद्याच मंजूर होईल अशा थाटात करू नका. तीन-चार वर्षांनी दुसऱ्याच मंत्र्याने तो बाहेर काढला, तरी कोणते कलम का घातले हे त्याला कळेल असे टिपण सोबत जोडा. संकट आले की दारे उघडतात, आणि त्या घटकेला तयार कागद असणाऱ्याचेच चालते.

कर्जाच्या नोंदींबद्दल थोडक्यात, पण जोर देऊन सांगतो. दुसऱ्याच्या कर्जासाठी सरकारने दिलेली प्रत्येक हमी एका नोंदवहीत असली पाहिजे आणि त्या वहीची प्रत मध्यवर्ती बँकेकडे असली पाहिजे. मोझांबिकमध्ये 2013 आणि 2014 साली सरकारी हमीवर तीन कंपन्यांनी मिळून सुमारे 2 अब्ज डॉलर उचलले. त्यातल्या एक अब्जाहून अधिक डॉलरच्या कर्जाचा 2016 पर्यंत जाहीर पत्ताच नव्हता. उघड झाल्यावर नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला, आणि किंमत मोजली ती ज्यांनी त्या हमीपत्रावर सही केली नव्हती अशा लोकांनी. असा कागद लपवायचाच ठरवला तर कोणतीही वही तो थांबवू शकत नाही हे खरे. पण वही दोन संस्थांत असेल तर दोन ठिकाणी लपवावा लागतो.

संगणकप्रणालीची घाई करू नका. एका बिलाच्या मागे जा. पुरवठादाराने दिलेले बिल कोणत्या टेबलावर किती दिवस पडते, पैसे उपलब्ध आहेत याची खात्री पुरवठादाराकडे मागणी नोंदवण्याआधी होते की बिल आल्यावर, हे स्वतः पाहा. मागणी प्रणालीबाहेर नोंदवली जात असेल तर कितीही महागडी प्रणाली फक्त शेवटचा धनादेश छापेल आणि थकलेली देणी वाढतच राहतील. बाकी प्रणालीची निवड, निविदा वगैरे गोष्टी जागतिक बँकेचे लोक तुमच्यापेक्षा चांगल्या हाताळतील.

तुमच्या ढिगात पेफा मूल्यमापनाचा अहवाल असणारच. सार्वजनिक वित्तव्यवस्था 31 निकषांवर तपासून अ ते ड अशी श्रेणी देण्याची ही पद्धत. तो अहवाल बारकाईने वाचा, तक्ते आणि तळटीपा तर जरूरच वाचा. पण मंत्र्यांनी 'आम्हाला क वरून ब वर न्या' असे सांगितले तर सावध व्हा. श्रेणी वाढवणाऱ्या कित्येक गोष्टी एक परिपत्रक काढून होतात, आणि परिपत्रक काढल्याने रुग्णालयाला औषधांचे पैसे वेळेवर मिळतातच असे नाही.

आता टिकण्याचा प्रश्न. हे काम नवे नाही. अमेरिकेचे प्राध्यापक एडविन केमरर 1920 च्या दशकात कोलंबिया, चिली, इक्वेडोर, बोलिव्हिया अशा देशांत पथके घेऊन गेले. त्यांनी मध्यवर्ती बँकांचे कायदे लिहिले, अर्थसंकल्प आणि लेखापरीक्षण यांचेही लिहिले. कोलंबियाची मध्यवर्ती बँक 1923 ची, त्याच भेटीतून उभी राहिलेली, आणि ती आजही चालू आहे. त्यांनी घालून दिलेले सुवर्णमानक, म्हणजे चलनाची सोन्याशी बांधलेली किंमत, मात्र महामंदीत वाहून गेले. या पथकांचे स्वागत होण्याचे एक मोठे कारण होते: केमरर येऊन गेले की न्यूयॉर्कच्या बँका कर्ज द्यायला तयार होत. कर्ज मिळावे म्हणून घेतलेला सल्ला कर्जाचा ओघ आटेपर्यंतच पाळला जातो, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

बोस्नियाचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तिथले युद्ध संपवणाऱ्या 1995 च्या डेटन करारातच लिहिले होते की मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर पहिली सहा वर्षे नाणेनिधी नेमेल आणि तो बोस्नियाचा किंवा शेजारच्या देशाचा नागरिक नसेल. सार्वभौम देशाला बोचावी अशीच ही अट होती. 1997 ते 2004 न्यूझीलंडचे पीटर निकोल त्या पदावर होते. नव्या चलनाचा दर जर्मन मार्कशी एकास एक बांधला गेला, आणि मागे परकीय चलन असल्याशिवाय नवे चलन काढता येत नव्हते, सरकारला कर्जही देता येत नव्हते. नुकतेच युद्ध लढलेल्या तीन समाजांनी ते चलन स्वीकारले. पुढे गव्हर्नरपद स्थानिकांकडे आले, तरी युरोशी बांधलेला तो दर आजतागायत हललेला नाही. नियम इतका साधा होता की तो मोडला तर कुणालाही दिसला असता. आणि बँकेच्या आत तिन्ही समाजांचे लोक एकत्र काम करायला शिकले.

पूर्व तिमोरने वेगळी वाट घेतली. 2000 मध्ये तिथे फक्त देणी-घेणी सांभाळणारे कार्यालय उभे केले गेले. पुढच्या वर्षी त्याचे बँकिंग प्राधिकरण झाले आणि पूर्ण मध्यवर्ती बँक झाली ती 2011 मध्ये. चलन अमेरिकी डॉलरच राहिले, त्यामुळे पतधोरणाचे ओझे त्या कोवळ्या संस्थेवर पडलेच नाही. 2005 मध्ये पेट्रोलियम निधी स्थापन झाला तेव्हा धोरण मंत्रालयाकडे आणि रोजची गुंतवणूक बँकेकडे अशी स्पष्ट वाटणी झाली. संस्थेला पेलेल तेवढेच तिच्या खांद्यावर द्यायचे, हा संयम मदत देणाऱ्यांकडे क्वचितच दिसतो.

आणि अफगाणिस्तान. ऑक्टोबर 2002 पासून जेमतेम तीन-चार महिन्यांत जुन्या हजार अफगाणींना एक नवी असे चलन बदलले गेले. बँका नसलेल्या देशात हवाला व्यापाऱ्यांच्या मदतीने ते झाले, आणि जगात कुठेही शिकवावे असे ते काम आहे. पण 2010 मध्ये काबूल बँक कोसळली. सुमारे 90 कोटी डॉलर भागधारकांच्या आणि त्यांच्या माणसांच्या घशात गेले होते. सैनिक, पोलीस, शिक्षक यांचे पगार त्याच बँकेतून वाटले जात, म्हणून सरकारला ती सावरावीच लागली. मध्यवर्ती बँकेच्या पर्यवेक्षकांना प्रशिक्षण मिळाले नव्हते असे नाही. त्यांनी आक्षेप घेतला असता तर त्यांच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे उत्तर नव्हते. मदत देणाऱ्यांच्या पैशाने मिळणारे वरचे पगार हाही प्रश्न होताच: चांगली माणसे खात्यातून उठून प्रकल्प कार्यालयात गेली, आणि प्रकल्प संपला की ती दोन्हीकडे नव्हती.

म्हणून तुमच्या नेमणुकीच्या अटींबद्दल आत्ताच बोला. तुमच्यासाठी वेगळे प्रकल्प कार्यालय उघडू देऊ नका. कोषागाराच्या खोलीतच टेबल मागा. तुमच्यासोबत काम करणारे दोन अधिकारी नावानिशी ठरवून घ्या, आणि त्यातला एक कनिष्ठ असू द्या. वरिष्ठांची बदली होते, कनिष्ठ दहा वर्षांनी संचालक होतो. प्रशिक्षणासाठी दूरच्या राजधानीपेक्षा नाणेनिधीच्या प्रादेशिक केंद्रांकडे पाहा. पॅसिफिक देशांसाठीचे केंद्र सुवा इथे 1993 पासून आहे. दक्षिण आशियाचे दिल्लीत 2017 पासून. तिथे शेजारच्या देशाचा कोषागार अधिकारी भेटतो. त्याने तीच खाती त्याच अडचणींतून बंद केलेली असतात, आणि तुमच्या माणसाला त्याला परतल्यावर फोन करता येतो. बाहेरच्या सल्लागाराला पुन्हा बोलवायला सहा महिन्यांचा पत्रव्यवहार लागतो.

आणखी एक. रोकडीच्या तक्त्यात तुम्ही स्वतः आकडे भरायचे थांबवाल ती तारीख कामाच्या आराखड्यात लिहून टाका आणि ती पहिल्या वर्षाच्या आतली असू द्या. त्या तारखेनंतर बैठक तुमच्याविना भरली पाहिजे. ती भरली नाही तर तुमच्या मुदतीतला उरलेला वेळ त्यासाठी द्या, मग कायद्याचा मसुदा मागे पडला तरी चालेल.